नैराश्य आधी की झोप आधी?

एका वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"मी ४१ वर्षांचा आहे, घरून काम करतो. चार महिन्यांपासून नैराश्यावर औषध चालू आहे. भूक परत आली, विनाकारण भरून येणं थांबलं, पण झोपेचं काही जमत नाही. दिवस एकदाचा संपावा म्हणून मी साडेनऊलाच अंथरुणात शिरतो. झोप लागते एक-सव्वाला आणि साडेतीनला टक्क जाग येते. सहापर्यंत छताकडे बघत पडून राहतो. मग डोळा लागतो तो साडेसातचा गजर होईपर्यंत. दुपारी दोन तास झोपतो, कारण तेवढीच गाढ लागते. सुट्टीच्या दिवशी तर अकरापर्यंत उठवत नाही. मोबाइल लांब ठेवणं, मंद संगीत, श्वासाचे व्यायाम, सगळं करून पाहिलं. बायको म्हणते, आणखी लवकर पडत जा. पहाटे कधीकधी वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं होईल. नैराश्य गेलं की झोप आपोआप येईल, की झोप आली की नैराश्य जाईल? महिनाभर रजा काढून नुसती झोप पुरी करू का? की डॉक्टरांकडे झोपेची गोळी मागू?"

सप्रेम नमस्कार.

पत्र झोपेबद्दल असलं तरी मी सुरुवात त्यातल्या एका वेगळ्याच वाक्यापासून करते. "सकाळ झालीच नाही तर बरं होईल" हे तुम्ही जाता जाता लिहिलं आहे, पण मला ते तसं वाचून पुढे जाता येत नाही. हा विचार तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे का? नसेल तर पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका. आज फोन करा आणि याच शब्दांत सांगा. बायकोलाही सांगा. असे विचार नैराश्याच्या आजारात अनेकांना येतात, त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही, पण डॉक्टरांना ते कळले की उपचाराची दिशा बदलू शकते. आणि हा विचार कधी "कसं" आणि "केव्हा" याकडे वळू लागला, तर त्या वेळी एकटे राहू नका. बायकोला उठवा, मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा, नाहीतर सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. रात्रीचे तीन वाजलेत म्हणून कुणाची झोप मोडायला संकोच करू नका. पुढे लिहिते आहे ते सगळं याच्यानंतरचं.

आता आधी काय, नंतर काय. डॉक्टरमंडळीसुद्धा बराच काळ असंच मानत होती की निद्रानाश हे नैराश्याचं एक लक्षण आहे, मूळ आजार बरा झाला की तोही जाईल. आता तसं मानत नाहीत. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं आजारांची आपली नियमावली सुधारली, तेव्हा "मूळचा निद्रानाश" आणि "दुसऱ्या आजारामुळे आलेला निद्रानाश" हा भेदच काढून टाकला. निद्रानाश नैराश्यासोबत असला तरी तो स्वतंत्र आजार समजून त्याच्यावर स्वतंत्र उपचार करायचा, असं ठरलं. याला कारण होतं. ज्यांना नैराश्य नाही पण निद्रानाश आहे, अशा लोकांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट असते, हे अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर २०११ मध्ये दिसून आलं होतं. आणि नैराश्य ओसरल्यावरही झोप बिघडलेलीच राहिली, तर ते उलटण्याचा धोका वाढतो.

साठी ओलांडलेल्या, निद्रानाश असलेल्या २९१ माणसांवर झालेला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. त्यातल्या निम्म्यांना झोपेसाठीची वर्तन-उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी-आय दिली. उरलेल्यांना झोपेबद्दल नुसती माहिती दिली. तीन वर्षांत उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे १२ टक्के लोकांना नैराश्यानं गाठलं, तर माहिती मिळालेल्यांपैकी सुमारे २६ टक्के लोकांना. अर्थात याचा अर्थ असा नाही की झोप लागली की नैराश्य गेलं. नैराश्य आणि निद्रानाश दोन्ही असलेल्या १५० रुग्णांना औषधाच्या जोडीला हीच पद्धत दिली, तेव्हा एकूण गटात नैराश्यावर जास्तीचा फायदा ठळकपणे दिसला नाही. मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत ज्यांची झोप सुधारली, त्यांचं नैराश्य पुढे उतरण्याची शक्यता अधिक होती. म्हणून मी तुम्हाला औषध चालू ठेवून त्याच्या जोडीला झोपेचं काम हाती घ्यायला सांगते. एकाच्या भरवशावर दुसरं सोडू नका.

नैराश्यात बहुतेक गोष्टी मन उचल खाईल तेव्हाच होतात, आणि मन तर उचल खात नाही. झोपेचं काम करायला मात्र उत्साह लागत नाही, घड्याळ लागतं. म्हणून मला ते तुमच्यासाठी आशेचं वाटतं.

तुमच्या पत्रातलेच आकडे मांडून बघू. एक-सव्वा ते साडेतीन, सव्वादोन-अडीच तास. सहा ते साडेसात, दीड तास. दुपारचे दोन. म्हणजे चोवीस तासांत तुम्ही जवळपास सहा तास झोपता आहात. ती झोप तीन तुकड्यांत आहे, म्हणून ती झोप वाटत नाही. आणि या सहा तासांसाठी तुम्ही अंथरुणात किती वेळ असता? रात्री दहा आणि दुपारी दोन, असे बारा तास. अर्धा वेळ तुम्ही अंथरुणात जागे, हताश आणि स्वतःवर चिडलेले असता. मेंदू हेच शिकत जातो: अंथरूण म्हणजे जागं राहून काळजी करायची जागा. दिवसभर पेंगणारा माणूस उशीला डोकं टेकताच लख्ख जागा होतो, तो यामुळेच.

तेव्हा बायकोच्या सल्ल्यामागची माया मला कळते, पण सल्ला उलटा आहे. तुम्ही आणखी लवकर नाही, आणखी उशिरा पडायला हवं.

यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण ते पटलं नाही तर पहिल्या आठवड्यातच तुम्ही हे सोडून द्याल. झोपेचं गणित मुख्यतः दोन गोष्टींवर चालतं, हे अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञानं १९८२ साली मांडलं. एक म्हणजे झोपेचा दाब. आपण जागे असतो तसतसं मेंदूत ॲडिनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि झोपेची ओढ वाढत जाते. झोपलो की ते उतरतं. भुकेसारखंच आहे हे: दुपारी दोन तास झोपणं म्हणजे जेवणाच्या तोंडावर पोटभर खाऊन घेणं, मग ताटावर बसल्यावर घास उतरत नाही. दुसरी गोष्ट शरीराचं घड्याळ. केव्हा जागं राहायचं आणि केव्हा झोपायचं याच्या वेळा ते ठरवतं, आणि ते रोज लावावं लागतं. लावण्याचं मुख्य साधन म्हणजे सकाळचा उजेड आणि उठण्याची ठरलेली वेळ. दिवसभर घरात, दुपारी झोप, सुट्टीला अकरापर्यंत लोळणं, यात तुमच्याकडे रात्री ना दाब पुरेसा साचतो, ना घड्याळ लागतं. श्वासाचे व्यायाम आणि मंद संगीत चांगलंच आहे, पण या दोन गोष्टींची उणीव त्यानं भरून निघत नाही. ते करूनही झोप आली नाही यात तुमचं काही चुकलं नाही.

करायचं काय ते सांगते. पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त लिहा. सकाळी उठल्यावर अंदाजानं: किती वाजता पडलो, साधारण केव्हा झोप लागली, मध्ये किती वेळ जागा होतो, केव्हा उठलो, दुपारी झोपलो का. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही, अंदाज पुरे. मनगटावरचं झोप मोजणारं घड्याळ असेल तर महिनाभर काढून ठेवा, त्याचे गुण बघून माणसाची काळजी वाढते. ही नोंद घेऊन डॉक्टरांना भेटा आणि पुढचं त्यांना विचारून सुरू करा. हे मी रीत म्हणून लिहीत नाही. तुम्हाला आजवर कधी असे दिवस आले असतील की झोप जेमतेम दोन-चार तास, तरी अंगात प्रचंड उत्साह, बोलणं भरभर, खर्च बेसुमार, तर ते त्यांना सांगायलाच हवं. तो द्विध्रुवी आजार असू शकतो आणि त्यात झोप कमी केल्यानं उन्माद उसळू शकतो. फिट येत असेल, लांबचं वाहन चालवावं लागत असेल, तरी ही पद्धत जशीच्या तशी वापरायची नसते.

डॉक्टरांनी होकार दिला की उठण्याची एक वेळ ठरवा. समजा साडेसहा. रात्र कशीही गेली, झोप दोन तास लागली किंवा पाच, उठायचं साडेसहाला, सुट्टीच्या दिवशीही. नोंदीत चोवीस तासांची झोप सहा तासच निघाली, तर साडेसहातून सहा तास मागे या. साडेबारा. साडेबाराच्या आत अंथरुणात जायचं नाही, आणि साडेबारा वाजले तरी डोळे जड झाले नसतील तर तेव्हाही नाही. दुपारची झोप बंद. अगदीच तोल जायला लागला तर तीनच्या आत, गजर लावून वीस मिनिटं. अंथरुणातला वेळ असा आवळायची पद्धत आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडली. अंथरुणातल्या वेळेपैकी साधारण ८५ टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी मुभा वाढवत न्यायची. आधी झोप सलग करायची, मग लांब. पाच तासांच्या खाली मात्र ही मुभा कधीही आणू नका.

पहिले दहाएक दिवस जड जातील. दिवसा डोळे चुरचुरतील, चिडचिड होईल, मन थोडं खालीही जाईल. हे अपेक्षित आहे, पद्धत चुकल्याची खूण नाही. पण मन फारच खाली गेलं, किंवा सुरुवातीला लिहिला तो विचार वाढला, तर तिथंच थांबा आणि डॉक्टरांना कळवा. झोपेची शिस्त तुमच्या जिवापेक्षा मोठी नाही.

खरी अडचण येईल ती साडेनऊ ते साडेबारा या तीन तासांची, आणि मला त्याबद्दल जास्त बोलायचं आहे. तुम्ही साडेनऊला अंथरुणात शिरता ते झोप आली म्हणून नव्हे. दिवस नकोसा झालेला असतो, आणि पांघरुणाखाली कुणी काही मागत नाही. नैराश्य असलेल्या पुष्कळ लोकांसाठी पलंग हा असा आडोसा होऊन बसतो. तो काढून घेतला तर त्या जागी काय ठेवायचं हे ठरवलेलं असायला हवं, नाहीतर तीन दिवसांत तुम्ही पुन्हा पांघरुणात दिसाल. म्हणून पलंगाशिवाय दुसरी एक जागा ठरवा. खुर्ची, सोफा, खिडकीजवळची गादी, काहीही, पण शक्यतो दुसऱ्या खोलीत. दिवे मंद. तिथं बसून हाताला चाळा होईल अशी कामं करा: कपड्यांच्या घड्या, जुने फोटो लावणं, आधी वाचलेलं पुस्तक, कोडी. मन लागलं नाही तरी चालेल. मन लागण्याची अट घालू नका, कारण ती नैराश्यात पुरी होत नाही. फक्त आडवे होऊ नका. दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी याच वेळात लिहून काढा. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं उद्याची कामं लिहून काढणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागल्याचं २०१८ च्या एका लहानशा प्रयोगात दिसलं होतं. डोक्यात घोळणारं कागदावर गेलं की ते धरून ठेवावं लागत नाही.

आणि पहाटेचे साडेतीन. जाग आल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, तेही अंदाजानं, झोप परतली नाही तर उठा आणि त्याच खुर्चीत जाऊन बसा. हा नियम रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितला आणि आजही तो निद्रानाशाच्या उपचाराचा कणा आहे: अंथरूण झोपेसाठी, जागेपणासाठी नाही. डोळे मिटायला लागले की परत जा, नाही मिटले तर साडेसहापर्यंत तिथंच थांबा. घड्याळाचं तोंड भिंतीकडे करून ठेवा. प्रखर दिवा आणि मोबाइल नको, मेंदू त्याला दिवस समजतो. त्या वेळी जे विचार येतात त्यांच्याशी वाद घालत बसू नका आणि कोणताही निर्णय घेऊ नका, नोकरीचा नाही, नात्याचा नाही, स्वतःबद्दलचा तर नाहीच. नैराश्याच्या एका प्रकारात पहाटे लवकर जाग येणं आणि मन सकाळच्या पहिल्या प्रहरात सगळ्यात खाली असणं हे आजाराचंच ठरलेलं वळण आहे, दुपारनंतर ते थोडं वर येतं. म्हणून विचार वहीत टिपा आणि संध्याकाळी पाचला वही उघडा. ज्या विचारात जीव नको असं वाटतं, तो मात्र पाचपर्यंत वहीत ठेवायचा नाही, तेव्हाच कुणाला तरी बोलून दाखवायचा.

सकाळी उठलात की अर्ध्या तासाच्या आत घराबाहेर पडा. आपल्या डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर काही पेशी अशा आहेत ज्यांचं मुख्य काम बाहेर उजेड किती आहे हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणं हे आहे. घरातला दिवा भरपूर वाटला तरी साधारण दोन-तीनशे लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) असतो, ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स असतात. खिडकीशी बसणं म्हणून पुरत नाही. वीस-तीस मिनिटं बाहेर राहा, चालणं झालं तर उत्तमच, कारण व्यायामाचा नैराश्यावर स्वतःचा वेगळा उपयोग आहे. नाही चालवलं तर नुसते उभे राहा. घरून काम करणाऱ्याला हे कुणी करायला लावत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

चहा-कॉफी दुपारनंतर नको. कॅफीन शरीरातून निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, आणि ते ॲडिनोसिनच्याच जागा अडवून बसतं. दारूनं झोप लवकर लागते पण उत्तररात्री मोडते, शिवाय तुमच्या औषधासोबत ती नकोच.

गोळीबद्दल. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिली तर घ्यायला हरकत नाही, पण स्वतःहून मागून ती चालू ठेवायचा विचार असेल तर थांबा. झोपेच्या बऱ्याच गोळ्यांची सवय लागते आणि बंद केल्यावर झोप पहिल्यापेक्षा बिघडू शकते. प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार सीबीटी-आय, अशी शिफारस अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये केली आहे. वर सांगितलेलं बरंचसं त्यातलंच आहे. ही पद्धत शिकलेले मानसशास्त्रज्ञ मिळाले तर त्यांच्या देखरेखीखाली करणं केव्हाही चांगलं. गोळीपेक्षा एक दुसरा प्रश्न डॉक्टरांना विचारा: "माझं चालू औषध दिवसाच्या कोणत्या वेळी घेतलेलं बरं?" नैराश्यावरची काही औषधं झोप उडवतात, ती सकाळी घेतलेली सोयीची. काही गुंगी आणतात, ती रात्री. वेळ बदलून बरंच काही सुधारू शकतं. मात्र वेळ, मात्रा, काहीही मनानं बदलू नका.

आणि रजा? झोप पुरी करायला महिनाभराची रजा काढू नका. काम हा तुमच्या दिवसाला उरलेला एकमेव खांब दिसतो, तोही काढला तर अंथरुणातले बारा तास सोळा होतील. कामाचा ताण झेपत नसेल तर वरिष्ठांशी बोलून तो कमी करून घ्या, पहिल्या दहा दिवसांत अवघड कामं पुढे ढकला. रजा घ्यायचीच झाली तर साडेसहाला उठणं त्या रजेतही सुटायला नको.

बायकोला हे पत्र वाचायला द्या. त्यांच्याकडून तीनच गोष्टींची मदत मागा. साडेसहाला एक हाक मारायची आणि पडदे उघडायचे, रागावायचं नाही. शक्य असेल त्या दिवशी सकाळी बाहेर सोबत यायचं. आणि "झोप लागली का?" हा प्रश्न सकाळी विचारायचा नाही, कारण त्याचं उत्तर देताना तुमचा दिवस रात्रीच्या हिशोबानं सुरू होतो. डॉक्टरांकडे जाताना त्यांनाही घेऊन जा. तुम्ही जोरात घोरता का, झोपेत श्वास अडकून दचकता का, पाय झटकता का, हे डॉक्टर विचारतील. त्यातलं काही असेल तर निदान आणि उपचार दोन्ही वेगळे असतात, आणि याची माहिती तुमच्याकडे नाही, बायकोकडे आहे.